एका निवृत्त ‘वन टन’ची दुरुस्ती आणि सुधारणा

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



आम्हां चौघांस या व्यासपीठावर बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा विषय आमचा आम्हीच निवडावा अशी सवलत चिटणीसांनी दिली. आमच्यापैकी कोणीही साहित्यिक नाही. उभे आयुष्य कारखान्यात आणि तेलकट हातांनी गेले. म्हणून ज्या मोटारीने सोळा वर्षे मंडळाचा गणपती वाहून नेला, तिच्याविषयीच चार शब्द सांगावे असे ठरले.

जबलपूरकरांस लष्करी मोटारीची ओळख करून देण्याचे कारण नाही. तोफगाड्यांचा कारखाना येथे १९०४ पासून आहे. १९५९ मध्ये जर्मनीच्या ‘मान’ कंपनीच्या परवान्याने ‘शक्तिमान’ ट्रक तेथूनच बाहेर पडू लागला. पुढे जपानच्या निस्सान कंपनीच्या सहकार्याने ‘वन टन’ आणि ‘जोंगा’ या मोटारी आल्या, आणि १९६९ मध्ये वेगळी वाहन निर्माणी उभी राहिली. ‘जोंगा’ हे नाव म्हणजे ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली’ या शब्दांची आद्याक्षरे. आपल्या गावाचे नाव असे सीमेवर फिरत होते, याचा आम्हांस आजही अभिमान वाटतो.

सैन्याने टाकलेल्या मोटारी नागरिकांनी वापरणे हेही नवे नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्द आपल्या घराघरांत रुळला. तिकडे मनिलात तर अमेरिकनांनी मागे ठेवलेल्या जीपगाड्या लांबवून ‘जीपनी’ नावाची प्रवासी वाहने निघाली. आम्ही १९८६ मध्ये एका लिलावात वर्गणी काढून वन टन घेतली, ती या परंपरेतच.

मोटार फारशी चाललेली नव्हती, म्हणून आम्ही हरखलो. हा पहिला भ्रम. मोटार चालून झिजते तशी उभी राहूनही नासते. ब्रेकच्या नळ्या, सिलिंडरांतील रबरी वाट्या, तेलाची सीले, सारे कडक होऊन तडकलेले होते. टाकीच्या तळाशी गंज साचला होता. पाट्यांच्या पिना ग्रीसवाचून जाम झाल्या होत्या. खासगी मोटारीस लष्करी हिरवा रंग ठेवता येत नाही, म्हणून निळा दिला. वर्षभर रविवारी दुसरे काही केले नाही; घरच्यांनी काय काय ऐकवले ते या सभेत सांगण्यासारखे नाही!

दुरुस्ती झाली, आणि मग आम्हांस सुधारणेची इच्छा झाली. तिचे पेट्रोल इंजिन सहा सिलिंडरांचे, जवळजवळ चार लिटरचे. चालायला गोड, परंतु खर्च आमच्या पगारांना झेपेना. १९८८ मध्ये आम्ही एका जुन्या हलक्या ट्रकचे डिझेल इंजिन त्यात बसविले. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधली जोडतबकडी लेथवर पुन्हा पुन्हा फिरवून घेतली, कारण तिचा मध्य किंचित जरी हलला तरी क्लच आणि बेअरिंग दोन्ही खातात. एवढी काळजी घेणाऱ्यांच्या हातून जे निसटले, ते सांगण्यासाठीच खरे तर आम्ही आज उभे आहोत.

मोटारीच्या ब्रेकला व्हॅक्यूमचा बूस्टर होता. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर एक झडप असते. पाय काढला की ती मिटते, तिच्यामागे निर्वात निर्माण होतो, आणि त्याच्या ओढीने बूस्टर आपल्या पायाचे बळ वाढवितो. आमच्या नव्या डिझेल इंजिनास अशी झडपच नव्हती. त्यात हवा मोकळी येते, मोजले जाते ते फक्त इंधन. आम्ही जुनी नळी नव्या इंजिनाच्या मॅनिफोल्डला नीट, क्लिप आवळून जोडली. नळी होती, निर्वात नव्हता. पेडल कडक लागे, पण नवे लायनिंग आहे, बसेल हळूहळू, अशी समजूत आम्ही एकमेकांची घातली. रिकामी मोटार सपाट रस्त्यावर थांबत होती.

१९८९ ची अनंत चतुर्दशी. मागे मूर्ती, मूर्तीभोवती मंडळाची वीस-बावीस मुले. ग्वारीघाटाकडच्या उतारावर पुढे दुसऱ्या मंडळाचे ढोलवाले थबकले. आम्ही ब्रेक दाबला, पेडल दगडासारखे. दोन्ही पाय देऊनही मोटार सरकतच राहिली. गिअर खाली ओढला, शेजारच्याने हातब्रेक खेचला, आणि शेवटच्या ढोलापासून दोन हातांवर ती थांबली. मुलांना ती गंमत वाटली. त्यांनी ‘मोरया’चा गजर केला. मूर्ती तेथून खांद्यावर नेली. मोटारीत पुन्हा कोणी बसले नाही.

त्या मुलांपैकी काही आज समोर बसली आहेत, त्यांच्या मुलांसह. हे त्यांना आजवर आम्ही सांगितले नव्हते.

आमच्यापैकी एकाचे तर कारखान्यात तपासणीचेच काम होते! परंतु कारखान्यात करणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा; आमच्या अंगणात दोन्ही आम्हीच. जुने इंजिन काढताना त्याने किती अश्वशक्ती दिली हे आम्ही पाहिले. याशिवाय ते आणखी काय काय करीत होते, याची यादी केली नाही. त्या दिवसानंतर केली, आणि मोटार तीन महिने उभी ठेवली. व्हॅक्यूम पंप असलेला आल्टरनेटर बसविला, निर्वात साठविणारी टाकी आणि उलट न जाऊ देणारा व्हॉल्व्ह लावला, म्हणजे इंजिन बंद पडले तरी दोन-तीन ब्रेक हाती राहतात. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते आणि तापल्यावर त्यात वाफ धरते, म्हणून ते नेमाने बदलू लागलो.

२००३ मध्ये मंडल्याकडील एका शेतकऱ्याने ती मोटार घेतली. किंमत ठरल्यावर आम्ही त्यास चालकाच्या जागी बसविले. इंजिन बंद असताना पेडल पाच-सहा वेळा दाबायला लावले, मग पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करविले. पेडल पायाखाली किंचित खाली गेले. ‘हे रोज सकाळी,’ आम्ही म्हणालो, ‘आणि ज्या दिवशी खाली जाणार नाही, त्या दिवशी निघायचे नाही.’ त्याने मान डोलावली, आणि आमच्यादेखत आणखी एकदा करून पाहिले.