पुडीवाल्याने ऐकून घेतलं म्हणून...

(चिखली तालुक्यातील एका महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मागच्या बैठकीत एकीने पिशवीतून चूर्णाची पुडी काढून विचारलं, "ताई, बाजारातून आणलीय. थायरॉईडची गोळी बंद केली तर चालेल ना?" महिनाभर तिने ती बंद केलीही होती.

दोन वर्षं ती थकलेली होती. चेहरा सुजायचा, केस गळायचे, पाळी बिघडलेली. सोयाबीन सोंगताना बांधावर बसली की घरचे म्हणायचे, आळशी आहे. मूल राहत नव्हतं, तो दोषही तिच्याच माथी. शेवटी रक्ताची टीएसएच तपासणी झाली तेव्हा कळलं, थायरॉईड ग्रंथी मंदावली आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांच्या पाहणीत दर दहा प्रौढांत सुमारे एकाला हा आजार आढळला, बायकांत पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त. आपल्यासारखी खेडी त्या पाहणीत नव्हती.

वनौषधींना मी हसणार नाही. गळ्याच्या गाठींसाठी कांचनार गुग्गुळ शार्ङ्गधरसंहितेत सांगितला आहे. गुग्गुळातल्या एका घटकाने उंदरांमध्ये थायरॉईडचं काम वाढलेलं दिसलं. पण उंदीर म्हणजे बाई नव्हे. अश्वगंधेचा प्रयोग माणसांवर झाला. तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात ५० जण होते, निम्म्यांना आठ आठवडे रोज ६०० मिलिग्रॅम मुळाचा अर्क दिला. त्यांचा टीएसएच सुधारला. मात्र सगळ्यांचा आजार अगदी सौम्य होता. गोळीऐवजी चूर्ण चालतं, असं त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय अश्वगंधेने काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. गरोदरपणी ती टाळायची.

गोळीत असतं थायरॉक्सिन, म्हणजे आपली ग्रंथी जे कमी बनवते तेच. रक्त तपासून तिची मात्रा ठरते. पुडीत काय आणि किती आहे, कोण सांगणार? पहिल्या महिन्यांत पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ आईच्याच थायरॉक्सिनवर अवलंबून असते. म्हणून दिवस राहिले तर गोळी सोडू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा, मात्रा वाढवावी लागू शकते.

गोळी सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्या. चहा अर्ध्या-एक तासाने. आशाताईंनी दिलेली लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी त्यानंतर चार तासांनी. चूर्ण घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

आता मुख्य गोष्ट. मी तिला विचारलं, "पुडी का घेतलीस?" ती म्हणाली, "त्याने माझं सगळं ऐकून घेतलं. दवाखान्यात तर मान वर करूनही बघितलं नाही." यात चूक एकट्या तिची आहे का? तिने गोळी पुन्हा सुरू केली आहे. आता आपलं काम उरलं. आपल्या आरोग्य केंद्रात टीएसएच तपासणी होते का, होत नसेल तर रक्त कुठे पाठवतात, हे विचारायला येत्या सोमवारी आपण मिळून जाऊ. आणि घरातली बाई थकली म्हणाली, तर आळशी म्हणण्याआधी तिचं रक्त तपासून घेऊ.