काटकसरीचा भार बालकांच्या माथी नको
(रायपूर येथील कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



बालसंगोपनावरील खर्चात बचत केल्याचे सरकार सांगते, तेव्हा तो खर्च नाहीसा झालेला नसतो. शासनाच्या जमाखर्चातून निघून तो श्रमजीवी स्त्रीच्या माथी पडलेला असतो.

येथील उरला व सिलतरा औद्योगिक क्षेत्रांत आणि शहरातील बांधकामांवर स्त्रिया राबतात. पाळणाघर नसले की तान्हे मूल विटांच्या ढिगाजवळ निजते, नाहीतर थोरल्या बहिणीची शाळा सुटते. अशा मातांसाठी राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना होती. जानेवारी 2017 पासून तिच्यातील केंद्राचा वाटा 90 टक्क्यांवरून 60 टक्क्यांवर आणला गेला. देशातील 20 हजारांहून अधिक पाळणाघरांपैकी 2020 पर्यंत सुमारे साडेसहा हजारच उरली. 2022 मध्ये योजनेस ‘पालना’ हे नवे नाव मिळाले; परंतु नुसत्या नावाने मूल सांभाळले जात नाही.

पाळणाघर बंद झाल्यावर उरते ती अंगणवाडी. पण ती दिवसातील काही तासच उघडी असते. 2 ऑक्टोबर 1975 रोजी 33 प्रकल्पांनिशी सुरू झालेल्या या योजनेवरही कुऱ्हाड चालली. करांतील राज्यांचा हिस्सा वाढल्याचे कारण पुढे करून 2015-16 च्या केंद्रीय अंदाजपत्रकात तिची तरतूद सुमारे 18 हजार कोटी रुपयांवरून 8 हजार कोटींच्या घरात आणली गेली. पुढे पुरवणी तरतूद करणे भाग पडले. 2017 मध्ये बालकाच्या पूरक आहारासाठी दर ठरला दिवसाला 8 रुपये!

याच काटकसरीचे दुसरे रूप म्हणजे ‘मानधन’. अंगणवाडी सेविकांना कामगार मानून किमान वेतन द्यावे, अशी शिफारस 2013 च्या 45 व्या भारतीय श्रम परिषदेने केली. तरीही वेतनाऐवजी मानधनच चालू ठेवण्यात आले. परंतु 2023 च्या प्रारंभी छत्तीसगडच्या सेविका संपावर गेल्या, रायपुरात ठाण मांडून बसल्या. आणि मार्चच्या राज्य अंदाजपत्रकात त्यांचे मानधन 6,500 वरून 10,000 रुपये, मदतनिसांचे 3,250 वरून 5,000 रुपये करण्यात आले. तिजोरी रिकामी असल्याची सबब संघटित शक्तीपुढे टिकत नाही, हाच याचा अर्थ.

म्हणून सेविकांचा लढा आणि मातांचा लढा वेगळे ठेवून चालणार नाही. प्रत्येक कामगार संघटनेच्या मागणीपत्रकात पूर्णवेळ पाळणाघराची मागणी आली पाहिजे. प्रत्येक वस्तीत सेविका व माता यांची संयुक्त समिती उभी राहिली पाहिजे. बालकाचे संगोपन हे शासनाचे उपकार नव्हेत. तो श्रमिकांच्या मुलांचा हक्क आहे.