नारू आणि गळ्यातली नळी

नारू हा रोग आजच्या तरुण पिढीला केवळ नावाने ठाऊक असावयाचा. परंतु जेथे लोक पायऱ्यांच्या विहिरीत उतरून घागरी भरीत, तेथे ऐन कामाच्या दिवसांत धडधाकट माणसे आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळत. पायावर फोड येई, फुटे, आणि त्यातून दोन हात लांबीचा सुतासारखा कृमी डोके काढी. तो रोज थोडाथोडा काडीवर गुंडाळीत. मध्येच तुटला तर पाय सुजून पिके.

या कृमीची वाटचाल मोठी विचित्र आहे. आग शमविण्यासाठी रोगी पाय पाण्यात बुडवितो आणि मादी तेथे हजारो अळ्या सोडते. त्या अळ्या सायक्लोप्स नावाचा जलपिसू गिळतो आणि त्या पिसूसह पाणी माणसाच्या पोटात जाते. कृमी बाहेर पडावयास वर्ष लागते. तेव्हा ज्या घोटाने घात केला तो रोग्याला आठवावा कसा? यावर लस नाही, खात्रीचे औषधही नाही. मात्र हा पिसू दाट विणीच्या फडक्यातून पार होत नाही. घागरीच्या तोंडावर फडके बांधले की काम झाले.

घरापुरते झाले, एवढेच. गुराखी रानात तळ्यालाच तोंड लावणार! त्याच्यासाठी निघाली ती दोरीने गळ्यात अडकविण्याची, आत बारीक जाळी बसविलेली नळी. यादवी युद्धाने गावोगाव भटकावयास लावलेल्या सुदानी जनतेत 2001 साली अशा 90 लाखांहून अधिक नळ्या वाटण्यात आल्या. तिच्यातून पटकीचे जंतू खुशाल पार होतात, हे मात्र वाटणाऱ्याने स्पष्ट सांगावयास हवे.

1986 साली जगात सुमारे 35 लाख लोकांना नारू झाला होता; 2023 साली अवघ्या 14 जणांना. भारतातील शेवटचा रोगी 1996 साली जोधपूर जिल्ह्यात आढळला, आणि 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त ठरविला. त्यात फडक्याइतकाच वाटा हातपंपांचा आणि पायऱ्या बुजविलेल्या विहिरींचा होता.

आता चाड देशात निराळीच अडचण उभी आहे. 2012 पासून तेथील कुत्र्यांतही हा कृमी सापडू लागला, आणि कुत्र्याला नळीने पाणी पिण्यास कोण शिकविणार? म्हणून तेथे नारू दिसलेले कुत्रे पाण्यापासून दूर बांधून ठेवतात, आणि मासे साफ केल्यावर त्यांची आतडी पुरून टाकतात.