नदीच्या दारातून जुन्या गोव्यात



युरोपातलं एखादं समुद्राकाठचं जुनं शहर दोन-तीन दिवसांत निवांत पाहून यावं, असं आपल्यापैकी अनेकांच्या मनात असतं. लिस्बनला जायचं तर पासपोर्ट, व्हिसा, विमानाचं भाडं सगळंच आलं. पण लिस्बनच्या राजांनी आपल्या पूर्वेकडच्या साम्राज्याची राजधानी जिथे केली, ते जुनं गोवं आपल्यापासून एका रात्रीच्या अंतरावर आहे. सातारा, सांगली आणि मिरजेला थांबणारी गोवा एक्स्प्रेस तिकडेच जाते.

मी पहिल्यांदा गेलो तो जीपने. हमरस्त्यावर उतरलो, समोरची दोन चर्चं पाहिली, फोटो काढले आणि समुद्रावर निघून गेलो. शहर मला दिसलंच नाही. पुढे लक्षात आलं की आपण मागच्या दाराने आत गेलो होतो. हे शहर मांडवी नदीकडे तोंड करून वसलेलं आहे. जहाजं तिथे लागायची, माणसं तिथून आत यायची. आपणही तसंच जावं, एवढंच आज मला सांगायचं आहे.

गुरुवारी रात्री निघा, रविवारी रात्री परत या. परतीचं आरक्षण आधीच करून ठेवा. शुक्रवारी सकाळी मडगावला उतरा. तिथून कदंबच्या बसने पणजी गाठा आणि दोन रात्रींचा मुक्काम तिथेच ठेवा. संध्याकाळी फोंतेन्हासच्या अरुंद गल्ल्यांतून पायी फिरा. रंगीत भिंती, कौलारू छपरं आणि छोटे सज्जे असलेली ती घरं आहेत. आत माणसं राहतात, तेव्हा आवाज बेताचा ठेवा आणि विचारल्याशिवाय कुणाच्या दारात फोटो काढू नका.

शनिवार जुन्या गोव्याचा. रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना असतात, म्हणून आदला दिवस बरा. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घाला. लवकर निघा. रायबंदरच्या वाटेवर खाजणातून जाणारा सुमारे तीन किलोमीटरचा बांध लागतो, तो १६३० च्या दशकातला आहे. जुन्या गोव्यात पोचलात की आधी थेट फेरीच्या धक्क्यावर जा आणि नदीकडे पाठ करून उभे राहा. समोर विजरईची, म्हणजे पोर्तुगीज व्हाइसरॉयची, कमान दिसेल. वास्को द गामाच्या पणतूने ती उभारली. नवा विजरई गोव्यात आला की तिच्यातूनच शहरात शिरायचा.

कमानीतून चालू लागा. सेंट कायतान चर्चच्या आवारात एक काळ्या दगडाची चौकट एकटीच उभी आहे. ती आदिलशहाच्या वाड्याची. आपल्या मिरजेवर ज्यांची सत्ता होती, त्याच विजापूरकरांकडून पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने १५१० मध्ये हे शहर घेतलं. पुढे से कॅथेड्रल लागतं. त्याचा एक मनोरा १७७६ मध्ये कोसळला, दुसऱ्यात मोठी घंटा आहे. रस्त्यापलीकडे बॉम जेझू बॅसिलिका. तिच्या उघड्या भिंतींचा जांभा पाहून सातारकरांना कासचं पठार आठवेल.

आत सेंट फ्रान्सिस झेवियर यांचं शव आहे. ३ डिसेंबरला त्यांचा सण असतो, त्या सुमारास फार गर्दी होते. तिथे उभे राहाल तेव्हा १६८३ चा नोव्हेंबर आठवा. संभाजी महाराजांचं सैन्य शेजारच्या जुवे बेटावर उतरलं, तेव्हा हतबल झालेला विजरई इथे आला आणि झेवियरच्या शवपेटीपाशी आपला राजदंड ठेवून त्याने शहरासाठी करुणा भाकली.

दुपारी पुन्हा धक्क्यावर या आणि फेरीबोटीने दिवाडी बेटावर जा. भाड्याने घेतलेली दुचाकीही बोटीत चढते. कदंब राजांच्या सप्तकोटेश्वराचं देऊळ या बेटावर होतं. पोर्तुगीजांनी ते पाडलं, भक्तांनी लिंग नदीपार नार्व्याला नेलं, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. बेटाच्या दुसऱ्या टोकाकडून आणखी एक फेरी नार्व्याला जाते. सकाळी कमानीतून पाहिलेलं शहर संध्याकाळी या देवळाच्या पायरीवर बसून आठवा. एका तीरावर राज्य जिंकल्याची खूण, दुसऱ्या तीरावर देव सांभाळल्याची. दोन्ही पाहिल्याशिवाय जुनं गोवं पुरतं कळत नाही.

रविवारी दुपारी परतीची गाडी धरा. जाताना अंधारात गेलेला घाट आता उजेडात दिसतो. पावसाळा नुकताच सरला असेल तर दूधसागर भरून कोसळत असतो. मुलांना खिडकीशी बसवा आणि दोन दिवसांत काय पाहिलं, ते त्यांच्याच तोंडून ऐका.