राज्यघटनेत राजकीय पक्षाचे स्थान
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



आपले मंडळ लहान आहे. तरीही नवे विश्वस्त निवडले की नव्वद दिवसांच्या आत त्या बदलाची माहिती धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत द्यावी लागते, हिशेब तपासून घ्यावे लागतात, आणि वार्षिक सभेत कोणाही सभासदास उठून चिटणिसांना जाब विचारता येतो. देशाचा राज्यकारभार हाती घेणाऱ्या पक्षाला त्याचा सामान्य सभासद असा जाब विचारू शकतो काय, हा आजचा प्रश्न आहे. व्यासपीठ मंडळाचे असल्यामुळे मी कोणत्याही पक्षाचे नाव घेणार नाही.

२६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या घटनेत राजकीय पक्षांची व्यवस्था कोठेच सांगितलेली नव्हती. कलम १९ ने नागरिकांना संघ स्थापण्याचा जो हक्क दिला, त्याच हक्कावर पक्षही उभे होते आणि आपल्यासारखी मंडळेही. घटनेच्या दृष्टीने दोघांची पायरी एकच होती, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही!

पुढे १९६७ च्या सुमारास हरियाणात ‘आयाराम-गयाराम’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. पक्षांतराच्या त्या रोगावर उपाय म्हणून १९८५ साली बावन्नाव्या दुरुस्तीने दहावे परिशिष्ट जोडण्यात आले. स्वेच्छेने पक्ष सोडणारा, किंवा परवानगीवाचून पक्षादेशाविरुद्ध मत देणारा सदस्य अपात्र ठरू लागला. २००३ साली एकतृतीयांश फुटीची पळवाटही बुजविण्यात आली. सभागृहातील प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाला नसून मूळ राजकीय पक्षाला आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली महाराष्ट्राच्याच प्रकरणात दिला.

म्हणजे आपण निवडून दिलेल्या आमदाराचे मत पक्षाच्या आज्ञेत बांधले गेले. आज्ञा करणारा पुढारी मात्र कोणाशी बांधलेला आहे? १९८९ पासून लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९अ नुसार पक्ष नोंदणीच्या वेळी घटनेवर निष्ठा ठेवण्याची हमी देतात. परंतु ही हमी मोडली, एवढ्याच कारणावरून निवडणूक आयोगास नोंदणी रद्द करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितले. दहावे परिशिष्ट तर पक्षांतर्गत निवडणुकीविषयी अवाक्षर काढीत नाही. माझ्या मते आपल्या व्यवस्थेतील खरी उणीव हीच होय.

जर्मनीने निराळा मार्ग धरला. निवडणुकीच्या वाटेने सत्तेजवळ पोचलेल्या पक्षाने १९३३ साली इतर सर्व पक्ष नष्ट केले, हा अनुभव त्या राष्ट्राच्या पाठीशी होता. म्हणून १९४९ च्या तेथील मूलभूत कायद्याच्या कलम २१ ने पक्षांना लोकमत घडविण्यात मानाचे स्थान दिले, आणि त्याच कलमात पक्षाची अंतर्गत रचना लोकशाही तत्त्वांना धरून असलीच पाहिजे, असे बंधन घातले. १९५२ आणि १९५६ साली तेथील घटना न्यायालयाने दोन पक्षांवर बंदीही घातली. बंदीचे ते शस्त्र आपण उचलावे, असे मी म्हणणार नाही. ते उद्या कोणाच्या हाती जाईल, याचा नेम नाही. अंतर्गत निवडणुकीचे बंधन मात्र आपल्या कायद्यात निःसंशय यावयास हवे.

आपल्यापैकी पुष्कळजण निरनिराळ्या पक्षांचे काम निष्ठेने करतात. त्यांनी निदान आपापल्या पक्षाची घटना मागवून वाचावी. आणि पुढील निवडणुकीत एखादा उमेदवार ‘समाजाची मते’ मागण्यास या सभागृहात आला, तर ज्ञातीसाठी काय देणार, हा नेहमीचा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवून त्यास विचारावे, ‘आपल्या पक्षाचा तालुकाध्यक्ष कोणी निवडला, आणि केव्हा?’