स्वामीजींचा बाघा
(वाघोली येथील भाषणाचा सारांश)



१८९२ साली पुण्यात लोकमान्य टिळकांचे अतिथी झालेले स्वामी विवेकानंद आपणां सर्वांना ठाऊक आहेत. पुढे बेलूर मठात बाघा नावाचा कुत्रा त्यांचा लाडका होता. एकदा खोडी केली म्हणून त्याला गंगेपार सोडण्यात आले. संध्याकाळी नावेत चढून तो परतला आणि पहाटे स्वामीजींच्या पायांशी लोळला. स्वामीजींनी बजावले, काहीही झाले तरी बाघाला पुन्हा घालवायचे नाही. स्वामीजींच्या पश्चात तो मेला. गंगेत सोडलेला त्याचा देह भरतीने मठाच्या काठी आणला. तेथेच त्याला मूठमाती दिली गेली.

मुक्या जिवाला एवढी क्षमा! मग चुकलेला, दुरावलेला आपला माणूस दाराशी आला, तर त्याची चूक मोजत बसायचे की त्याला पंगतीत घ्यायचे?