बांधीतले भक्ष्य, पिंजऱ्यातले खाद्य



मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, आणि त्यांच्या पाण्यावर पिकणाऱ्या धानाच्या बांध्या ही ज्या जिल्ह्याची ओळख आहे, त्या भंडाऱ्यात पक्षिअभ्यासक परिषदेसाठी जमावेत आणि सारसाचा विषय निघू नये, हे संभवत नाही. १९९९ मध्ये गोंदिया वेगळा होईपर्यंत एकाच जिल्ह्यात मोडणाऱ्या या पट्ट्यात महाराष्ट्रातील सारस प्रामुख्याने उरले असून, आजच्या भंडाऱ्याच्या वाट्याला त्यांतील मोजकेच आले आहेत. संख्या इतकी रोडावली की बंदिस्त प्रजननाचा, म्हणजे पक्षी पिंजऱ्यात वाढवून पुढे रानात सोडण्याचा, विचार पुढे येणे स्वाभाविक आहे. परंतु असा प्रयत्न कुंपणाच्या उंचीवर नव्हे, तर पक्ष्यापुढे काय ठेवले जाते यावर तरतो किंवा फसतो, असे या भाषणाचे प्रतिपादन आहे.

आहारातून येणारे आजार तीन प्रकारचे असतात: न्यूनतेचे, अतिरेकाचे आणि दूषणाचे. न्यूनतेचे उदाहरण गिधाडांत स्पष्ट दिसते. निव्वळ मांसात कॅल्शियमच्या सुमारे वीसपट फॉस्फरस असतो. हाडांवाचून केवळ मांस मिळालेल्या पिलाच्या शरीरात हा तोल सावरण्यासाठी परावटू ग्रंथी हाडांतलेच कॅल्शियम रक्तात ओढतात आणि हाडे ठिसूळ होऊन वाकतात. दक्षिण आफ्रिकेत तर मोकळ्या रानातील केप गिधाडांवरही ही वेळ आली, कारण हाडे फोडणारे तरस नाहीसे झाल्यावर पिलांना भरवण्याजोगे हाडांचे तुकडेच उरले नाहीत.

अतिरेकाचा धडा क्रौंचकुळातून, म्हणजे सारसाच्याच कुळातून, मिळतो. सारसाचे पिलू आईबापांमागे दिवसभर चालत टोळ, गोगलगायी, बेडूक आणि कोवळे कंद टिपते, त्यामुळे त्याचे वजन आणि पायांचे बळ बरोबरीने वाढते. पिंजऱ्यात भरपूर प्रथिनांचे खाद्य जागेवर मिळाले, तर वजन पुढे धावते, कोवळी हाडे मागे राहतात आणि लांब पाय कायमचे वाकडे होतात. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यापूर्वी अवघ्या वीस-बावीसवर आलेल्या ‘हूपिंग क्रेन’ या क्रौंचाला वाचवण्याच्या प्रयत्नांत प्रथिनांचे, विशेषतः गंधकयुक्त अमिनो आम्लांचे, प्रमाण आवरणे आणि पिलांना रोज चालवणे, हे दोन्ही पक्षी वाढवणाऱ्यांना शिकावे लागले.

दूषणाचे मोल भारताने सर्वांत जास्त मोजले आहे. गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या मूत्रपिंडांवर घाला घालते, असे सिद्ध झाल्यावर २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. म्हणूनच हरियाणातील पिंजोर येथील गिधाड प्रजनन केंद्रात खाद्यासाठी आणलेल्या बकऱ्या, अंगातील औषधाचा अंश निघून जावा यासाठी, कापण्यापूर्वी काही दिवस राखून ठेवल्या जातात. तिथली गिधाडे २०२४ मध्ये पेंच आणि ताडोब्यात आणली गेली, हे विदर्भाला ठाऊकच आहे. धानाच्या मुलखात दूषणाचे दुसरे रूप अधिक संभवते: ओल धरलेल्या दाण्यावर बुरशी येते, तिचे विष यकृताला आणि तिचे बीजाणू फुप्फुसांना ग्रासतात.

या तिन्ही दोषांवरचा उपाय खाद्याच्या पोत्यावर छापलेला नसतो, कारण योग्य प्रमाण ठरते ते पक्षी मोकळेपणी काय, किती आणि कोणत्या ऋतूत खातो, यावरून. भंडाऱ्यात ते पाहणारे पहिले डोळे शेतकऱ्याचे आहेत. रोवणीपासून कापणीपर्यंत सारस बांधीत काय टिपतो, याची नोंद त्याच्या मदतीने ठेवणे हे पिंजरा उभारण्याआधीचे काम होय. त्याच नोंदीतून कीटकनाशकांनी बांधीतले टोळ आणि गोगलगायी किती उरू दिल्या, हेही कळेल, कारण सुदृढ वाढवलेला पक्षी अखेर याच बांधीत उतरायचा आहे. ही नोंद सारस नजरेसमोर आहेत तोवरच होऊ शकते, म्हणून तिचा आरंभ येत्या खरिपातच व्हावा, अशी शिफारस परिषदेपुढे ठेवून हे भाषण संपवणे उचित ठरेल.